थीम पार्कची सहल आणि खाण्यापिण्याचे भान

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

परीक्षा संपून शाळांना सुट्या लागल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. एरवी वजन, रक्तदाब आणि मधुमेह यांविषयी विचारणारे वाचक सहलीविषयी विचारू लागतात. खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत २०१३ साली इमॅजिका सुरू झाले, तेव्हापासून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांच्या सुटीच्या बेतात थीम पार्कला कायमची जागा मिळाली आहे. पहाटे निघायचे, दिवसभर उन्हात चालायचे, रांगांमध्ये उभे राहायचे आणि मिळेल ते खायचे, असा हा दिवस असतो. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. येत्या सुटीत आम्ही दोघे, आठ आणि बारा वर्षांची आमची मुले आणि माझे सासू-सासरे असे सहा जण चिपळूणहून इमॅजिकाला जाणार आहोत आणि एक रात्र तिकडेच मुक्काम करणार आहोत. मागे एका वेगळ्या पार्कात गेलो होतो, तेव्हा मुलांनी फिंगर चिप्स, पॉपकॉर्न, आइस्क्रीम आणि शीतपेये यांवरच दिवस काढला. धाकट्याला रात्री उलट्या झाल्या आणि मोठीचे पोट पुढे तीन-चार दिवस बिघडलेलेच होते. या वेळी काही नियम घालावेत असे मला वाटते, पण घरात सगळे म्हणतात, दोन दिवसांच्या सुटीत कसले आले आहे पथ्य! मुलांचा विरस न करता खाणे कसे सांभाळावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. निरोगी मुलाने दोन दिवस चार पदार्थ जास्त खाल्ले म्हणून त्याच्या प्रकृतीचे कायमचे नुकसान होत नाही, आणि सहलीला जाऊन मुलांच्या प्रत्येक घासावर नजर ठेवणे हे त्यांच्यावर आणि तुमच्यावरही अन्याय करणारे ठरेल. परंतु तुमच्या पत्रात जे घडले, त्याला एकटे आइस्क्रीम जबाबदार असावे असे मला वाटत नाही. पहाटे चहा-बिस्किटांवर घर सोडलेली मुले अकराच्या सुमारास भुकेने कासावीस होतात, त्या वेळी समोर तळलेल्या आणि गोड पदार्थांचेच काउंटर असतात, ते खाल्ल्यावर तहान वाढते आणि ती तहान पुन्हा गोड शीतपेयाने भागवली जाते. हे चक्र दिवसभर चालले की रात्री पोट कुरबुर करणारच. म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींपुरताच राहील: सकाळची न्याहारी पोटभर व्हावी, पाणी तहान लागण्याआधी प्यायले जावे आणि दुपारचे जेवण लवकर व्हावे. एवढे सांभाळले तर बाकीचे मुलांच्या आवडीवर सोडायला हरकत नाही.

न्याहारी दोन टप्प्यांत विभागावी. चिपळूणहून पहाटे निघताना कोणालाच खरी भूक नसते, आणि पुढे परशुराम आणि भोस्ते हे घाट असल्यामुळे भरल्या पोटी गाडीत बसलेल्या मुलांना मळमळण्याचीही भीती असते. घरून निघताना नाचणीचा एखादा लाडू किंवा अर्धे केळे आणि थोडे पाणी पुरेसे आहे. मुख्य न्याहारी वाकणला वळून पालीमार्गे खोपोलीकडे जाताना, सावलीची जागा पाहून, शांतपणे वीस मिनिटे बसून करावी. तिच्यासाठी थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, घावणे किंवा दशम्या यांपैकी काहीही चालेल. दशमीचे पीठ दुधात भिजवलेले असल्याने ती मऊ राहते आणि मुले ती नुसतीही खातात. सोबत उकडलेली अंडी किंवा उसळीसारखे काही प्रथिनयुक्त अवश्य असावे, कारण केवळ पिठाच्या पदार्थांवर भागवले तर दोन तासांत पुन्हा भूक लागते. चटणी मात्र सुक्या खोबऱ्याची, लसणाची किंवा तिळाची घ्यावी. आपल्याकडे घावण्यांसोबत ओल्या नारळाची चटणी लागतेच, परंतु मे महिन्यातील उकाड्यात ती प्रवासात नेणे धोक्याचे आहे. सोलकढीच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल, कारण नारळाचे दूध फार लवकर खराब होते.

बहुतेक पार्कांमध्ये बाहेरचे अन्न आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचे खाणे आणि आजारपणामुळे आवश्यक असलेले पदार्थ यांना सहसा सवलत असते, परंतु तिकीट काढण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी. उरलेला डबा गाडीत ठेवून संध्याकाळी खाण्याचा विचार मात्र मुळीच करू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत अल्पावधीतच भट्टीसारखी उष्णता होते, आणि शिजवलेल्या अन्नात ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर असे अन्न तासाभराहून अधिक काळ बाहेर राहू नये, असा सुरक्षिततेचा दंडक आहे. म्हणून ओलसर पदार्थ प्रवेशद्वारापूर्वीच संपवावेत आणि परतीच्या वाटेसाठी गाडीत कुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले काजूगर, फणसपोळी असा कोरडा खाऊच ठेवावा.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगते. दर अर्ध्या तासाला पाऊण-एक पेला पाणी, असा नेम मोठ्यांनी स्वतः पाळला तर मुले आपोआप पाळतात. शीतपेयाच्या १०० मिलीलिटरमध्ये साधारणपणे १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीलिटरच्या एका बाटलीतून ३० ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते. वरून घातलेली किंवा रस-सरबतांतून येणारी साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी आणि शक्य झाल्यास त्याच्याही निम्म्यावर आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. प्रौढ माणसासाठी हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅमच्या आसपास येते आणि आठ वर्षांच्या मुलासाठी त्याहूनही कमी. अमृत कोकम घरचे असले तरी ते साखरेच्या पाकातच मुरवलेले असते, त्यामुळे त्यालाही हाच हिशेब लागू होतो. त्याऐवजी कोकमाचे आगळ लहानशा बाटलीत गाडीत ठेवावे आणि पार्कमधून बाहेर आल्यावर पेलाभर पाण्यात चमचाभर आगळ व चिमूटभर जिरेपूड घालून सर्वांना द्यावे. आगळात मीठ मुळातच असते, त्यामुळे वरून घालू नये. पार्कमध्ये ताक मिळत असेल तर शीतपेयाऐवजी ते घ्यावे.

दुपारचे जेवण बारा वाजण्याच्या सुमारास उरकावे. एक वाजल्यानंतर फूड कोर्टमध्ये गर्दी होते, मुले भुकेने रडकुंडीला येतात आणि मग जे आधी हाती लागेल ते घेतले जाते. लवकर जेवल्याचा आणखी एक लाभ असा, की सगळे जेवायला गेलेले असताना राइडच्या रांगा थोड्या ओसरतात. तुमच्या तिकिटात बुफे असेल तर ताट हातात घेण्यापूर्वी एकदा सगळ्या टेबलांवरून फिरून यावे आणि मग वरण, भात, एखादी भाजी, उसळ, पोळी आणि वाफाळते असेल ते वाढून घ्यावे. आधीपासून कापून उघड्यावर ठेवलेली फळे, बर्फ घातलेली सरबते आणि कच्च्या चटण्यांचे चाट टाळावे. गरम तव्यावरून थेट ताटात येणारा पदार्थ साधा असला तरी अधिक सुरक्षित असतो. मोठ्या साखळी उपाहारगृहांना २०२२ पासून मेनूवर पदार्थांचे उष्मांक द्यावे लागतात. बारा वर्षांच्या मुलीला ते वाचायला सांगावे, परंतु तिच्या वजनाचा विषय मात्र तेथे काढू नये.

लाडाच्या पदार्थाची निवड मुलांनाच करू द्यावी. आज एक गोष्ट तुझ्या पसंतीची, ती कोणती आणि कधी घ्यायची ते तूच ठरव, असे सकाळीच सांगितले की मूल दिवसभर त्या एका गोष्टीची वाट पाहते आणि इतर काउंटरसमोर हट्ट कमी करते. चिप्सची एक मोठी पुडी सहा जणांत वाटून घ्यावी, प्रत्येकाला वेगळी घेऊ नये. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मुगाची खिचडी, वरण-भात किंवा दहीभात मागवावा. सासू-सासऱ्यांपैकी कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर लोणचे, पापड, वेफर्स आणि पाकिटातील नूडल्स यांपासून त्यांना जपावे, कारण दिवसभरासाठी सांगितलेले पाच ग्रॅमच्या आतील मीठ अशा पदार्थांमुळे एका जेवणातच संपून जाते.

प्रश्न : माझे वय ६४ असून गेली बरीच वर्षे मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो आणि गोळ्याही सुरू आहेत. नातवंडांना घेऊन थीम पार्कला जाण्याचा मुलाचा बेत आहे. मी घरीच राहावे असे पत्नीचे मत आहे. मला मात्र नातवंडांचा आनंद पाहायचा आहे. जाणे योग्य होईल का, आणि गेलो तर खाण्याचे कसे करावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आजोबा, तुम्ही अवश्य जावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी पूर्वतयारी मात्र नेहमीपेक्षा अधिक करावी लागेल आणि निघण्यापूर्वी आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटून त्या दिवसाच्या औषधांविषयी सल्ला घ्यावा लागेल. इन्सुलिनची किंवा गोळ्यांची मात्रा स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.

अशा दिवशी साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा धोका अधिक असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एरवी घर आणि बाग एवढेच चालणारा माणूस पार्कमध्ये सहज सहा-सात किलोमीटर चालतो, जेवण तासभर लांबते आणि इन्सुलिन तर सकाळीच टोचून घेतलेले असते. उष्ण हवेत आणि काम करणाऱ्या स्नायूंजवळ इन्सुलिन अधिक वेगाने रक्तात मिसळते. म्हणून पुष्कळ चालायचे असेल त्या दिवशी ते मांडीऐवजी पोटावर घेणे योग्य आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही साखर उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो धोका फारसा नसतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्या तुम्हाला सुरू असतील तर शरीरातील पाणी अधिक वेगाने कमी होते, तेव्हा त्याविषयीही विचारून घ्यावे.

ग्लुकोमीटर सोबत ठेवावा आणि दर दोन-तीन तासांनी तपासणी करावी. हातापायांना कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड यांपैकी काहीही जाणवले, किंवा साखर ७० च्या खाली आली, तर रांगेत असाल तेथेच खाली बसावे आणि १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे, तोंडात टाकून वर पाणी प्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. ती स्थिरावल्यावर पोळी किंवा बिस्किटे असे काही खावे. अशा वेळी चॉकलेट उपयोगी पडत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचण्यास उशीर लागतो. डाएट शीतपेयाचा तर काहीच उपयोग नाही, कारण त्यात साखरच नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राइडवर बसताना पिशवी लॉकरमध्ये किंवा नातेवाइकांकडे द्यावी लागते आणि नेमकी त्याच वेळी ग्लुकोजची पुडी पिशवीत राहून जाते. सदऱ्याच्या बटण लागणाऱ्या खिशात दोन पुड्या सुरुवातीपासूनच असाव्यात आणि त्या कोठे आहेत हे मोठ्या नातवालाही दाखवून ठेवावे. मुले अशी जबाबदारी फार मनापासून पार पाडतात.

इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते थंड राखणाऱ्या पाकिटात, बर्फाशी थेट संपर्क येणार नाही अशा रीतीने ठेवावे. प्रवेशद्वारावर औषधे आणि खाणे यांविषयी हरकत घेतली गेल्यास दाखवता यावी म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

जेवणाची वेळ रोजचीच ठेवावी, मुलाने आणखी एक राइड करून येऊ असे म्हटले तरीही. ताटात भाजी, डाळ किंवा उसळ आधी खावी आणि भात-पोळी नंतर. हापूसच्या दिवसांत देवगडच्या माणसाला आंबा खाऊ नका असे सांगणे माझ्या जिवावर येते, म्हणून एवढेच सांगते की आमरसाची वाटी टाळून जेवणातील भात कमी करावा आणि त्याऐवजी आंब्याच्या दोन-तीन फोडी घ्याव्यात. पायात बंद, मऊ आणि वापरून सैल झालेली पादत्राणे असावीत आणि पाण्याच्या राइडकडेही अनवाणी जाऊ नये, कारण तापलेल्या फरशीचा चटका सुन्न झालेल्या तळव्यांना जाणवत नाही.

प्रश्न : आमच्या घरी मासळीशिवाय जेवण होत नाही. सहलीला जाताना तळलेले बांगडे डब्यात नेले तर दुपारपर्यंत टिकतील ना? चांगले खरपूस तळलेले असले म्हणजे भीती नसते, असे आई म्हणते.
– एक वाचक, मालवण

उत्तर : आईंच्या अनुभवाचा मान राखूनही सांगते, की बांगड्याच्या बाबतीत खरपूस तळण्यावर विसंबू नये. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या मासळीला पकडल्यापासून पुरेसा बर्फ मिळाला नाही तर तिच्यात जंतूंच्या क्रियेने हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि एकदा तयार झालेला हा पदार्थ तळल्याने किंवा शिजवल्याने नाहीसा होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-एक तासांत चेहरा लाल होतो, अंगावर खाज येते, डोके ठणकते, छातीत धडधडते आणि कधी जुलाबही होतात. पुष्कळ जण याला मासळीची ॲलर्जी समजून आयुष्यभर मासळी सोडून बसतात. पहिला घास जिभेला तिखट, चरचरीत लागला तर तो तुकडा टाकून द्यावा. श्वास घेण्यास त्रास होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मासळी ताजी आणि बर्फातीलच होती याची खात्री असली तरी तळलेला तुकडा चार-पाच तास डब्यात बंद ठेवून उन्हातून नेणे योग्य नाही.

मासळीची चव हवीच असेल तर सुक्या जवळ्याची किंवा सोड्यांची कोरडी चटणी भाकरीसोबत न्यावी. ती टिकते, मात्र खारट असल्याने तिच्यामुळे तहान लागते, हे लक्षात घेऊन पाणी जास्त ठेवावे. पार्कमध्ये मासळीची थाळी मिळत असेल तरी पावसाळ्यात थोडा विचार करावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात ताटात आलेली मासळी बहुधा साठवणीतील किंवा दुरून आणलेली असते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. मैत्रिणींसोबत रोलर कोस्टरवर बसण्याची फार इच्छा आहे, परंतु मला बसमध्येही मळमळते. त्या दिवशी उपाशी राहिले तर त्रास टळेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : उपाशी राहू नकोस. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि उन्हात चक्कर येण्याची शक्यताही अधिक असते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचालीची एक बातमी मेंदूला देते आणि डोळे दुसरीच देतात, या विसंगतीतून हा त्रास होतो. पोटात काय आहे याचा भाग त्यात दुय्यम असला तरी तेलकट जेवण, फसफसणारी शीतपेये आणि उग्र वास यांमुळे तो बळावतो. सकाळी पेज किंवा इडली आणि केळे असे हलके खावे, जोराच्या राइड दिवसाच्या पूर्वार्धात उरकाव्यात आणि पोटभर जेवल्यानंतर तास-दीड तास कार्यक्रम, प्रदर्शन किंवा संथ राइड यांत घालवावा. आल्याचा गुण अनेकांना येतो, म्हणून आलेपाकाची वडी जवळ असू दे. मळमळीवरची गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी लागते आणि तिने झोप येते, हे ध्यानात ठेव. राइडवर नजर समोर स्थिर ठेवावी, मान मागे टेकवावी. एवढे करूनही नको वाटले तर मैत्रिणींच्या आग्रहाखातर बसू नकोस.

प्रश्न : आमच्या सहलीचा दिवस नेमका संकष्टीला आला आहे. तिकिटे काढून झाली आहेत. मला उपवास मोडायचा नाही. दिवस निभावेल का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : उपवास मोडण्याची आवश्यकता नाही. केवळ साबुदाण्याच्या खिचडीवर विसंबू नये एवढेच सुचवते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यातील पोषण काय ते शेंगदाण्याच्या कुटाचे. निघताना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पोटभर खावी. दिवसभरात राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळे, ताक किंवा दूध थोड्या थोड्या अंतराने घ्यावे. केळी आणि लाडू आत नेऊ देतील का हे आधी विचारून ठेवावे, कारण पार्कमध्ये उपवासाचे म्हणून बटाट्याचे वेफर्सच हाती येण्याचा संभव अधिक. चंद्रोदय उशिरा असतो आणि परतीचा प्रवासही त्याच वेळी होतो, तेव्हा उपवास सोडण्यासाठीचा डबा गाडीत सकाळपासून ठेवण्याऐवजी वाटेत कोठे गरम वरण-भात मिळेल ते आधीच ठरवून ठेवावे. निर्जळी मात्र या दिवशी मुळीच करू नये. गर्भवती असाल किंवा मधुमेहाची औषधे घेत असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही, याचीही नोंद घ्यावी.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. डिसेंबरमध्ये आमच्या शाळेची सातवीची सहल वॉटर पार्क असलेल्या ठिकाणी जाणार आहे. पन्नासहून अधिक मुलांची जबाबदारी आम्हा चौघांवर असेल. खाण्यापिण्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी? ओआरएसची तयार पाकिटे, म्हणजे रसाच्या डब्यांसारखी मिळतात ती, नेली तर चालतील का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर ठाऊक असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. फळांच्या चवीची जी गोड पेये ओआरएस या नावाने खोक्यांतून विकली जात होती, त्यांपैकी अनेकांत साखर फार जास्त आणि क्षार अपुरे होते. जुलाब झालेल्या मुलाला असे पेय दिले तर जुलाब वाढू शकतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली. तुम्ही औषधाच्या दुकानातून पावडरीची पाकिटे घ्यावीत आणि त्यांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावा. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे, त्यात साखर किंवा सरबत मिसळू नये, आणि तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण सर्व शिक्षकांच्या वहीत लिहिलेले असावे. मीठ अंदाजाने घालू नये, ते जास्त झाले तर अपाय होतो.

पहाटे मोठ्या पातेल्यात केलेला पुलाव किंवा मसालेभात डब्यांत भरून दुपारी वाढण्याची अनेक शाळांची पद्धत आहे. ती बंद करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. भातात तग धरणारे काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. एकाच पातेल्यातील भात पन्नास मुलांनी खाल्लेला असल्याने सगळीच मुले एकदम आजारी पडतात. न्याहारीला वाटेत गरम पोहे किंवा उपमा करून मिळेल अशी व्यवस्था पाहावी आणि दुपारच्या जेवणासाठी पार्कच्या उपाहारगृहाशी आधी बोलून, वेळ ठरवून, साधी थाळी सांगून ठेवावी.

पालकांकडून लेखी माहिती घेताना शेंगदाणे, काजू, दूध, अंडी आणि कोळंबी यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का, हे स्पष्ट विचारावे. कोळंबी तळलेल्या तेलातच बटाट्याच्या चिप्सही तळल्या जाऊ शकतात, त्यामुळे असे मूल असल्यास उपाहारगृहात तेलाचीही चौकशी करावी. ज्या मुलाला गेल्या काही दिवसांत जुलाब झाले असतील त्याने पाण्यात उतरू नये. काही परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतात आणि एका मुलामुळे अनेकांना बाधा होऊ शकते. पाणी तोंडात घेऊन फुर्र करण्याचा खेळ मुलांना फार प्रिय असतो, तो मात्र कसोशीने थांबवावा. खाण्यापूर्वी साबणाने हात धुण्यासाठी वेळापत्रकातच दहा मिनिटे राखून ठेवावीत. जेवणानंतर लगेच पाण्यात गेल्याने पेटके येऊन मूल बुडते ही समजूत खरी नाही, तरीही भरल्या पोटी घसरगुंड्यांवर उलट्या होतात, म्हणून तासभर थांबावे हे बरे.

मुलींविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्वच्छतागृहाची सोय नीट होणार नाही या भीतीने अनेक मुली सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून डोकेदुखी, चक्कर आणि पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पाणी प्या असे नुसते सांगून त्या पिणार नाहीत. बस कोठे कोठे थांबणार आणि तेथे कोणत्या बाई सोबत येणार, हे आदल्या दिवशी वर्गात सांगितले आणि ते थांबे प्रत्यक्षात पाळले, तर त्या निर्धास्तपणे पाणी पितील. ज्या मुलीची पाळी सुरू असेल तिला पाण्यात न उतरण्याची मोकळीक द्यावी, कारण विचारू नये, आणि तिच्यासोबत काठावर बसायला एक शिक्षिका आधीच नेमून ठेवावी.